मुलांच्या इंग्रजी निबंधात 'ऑन द अदर हँड' एवढं का येतं?

मृण्मयी_एमए:
एमए इंग्लिश पार्ट टू ला आहे, डेझर्टेशनला लेक्सिकल बंडल्स घेतलंय, म्हणजे चार-चार शब्दांचे ठरलेले तुकडे जे लिहिताना सारखे एकत्र येतात ते. एफवायच्या मराठी मीडियममधून आलेल्या मुलांचे ६० निबंध जमवले, हाताने लिहिलेले होते म्हणून चुकांसकट मीच टाइप केले, सगळे मिळून ३० हजार शब्द. अँटकाँक या शब्द मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले तर 'ऑन द अदर हँड' सगळ्यात वर आणि खाली नुसती सोशल मीडियाची गर्दी. गाइड सर म्हणतात दहा लाख शब्दांमागे २० वेळा हा कटऑफ लाव, पण तो लावला तर काहीच गळत नाही. माझं कुठे चुकतंय? आणि मुलं हेच तुकडे का धरून बसतात?

शब्दमोजणी:
चुकत नाहीये गं, हिशोब करून बघ. ३० हजारांत एखादा तुकडा एकदाच आला तरी दहा लाखाला तो ३३ पडतो, मग २० ची चाळणी काय अडवणार? बायबर वगैरे भाषाशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये लेक्सिकल बंडल्सची पद्धत मांडली ती खूप मोठ्या साठ्यावर. तू सरळ कच्चे आकडे दे आणि किमान ५ वेगवेगळ्या निबंधांत आलेलेच तुकडे घे. प्रत्येक निबंधाची वेगळी टेक्स्ट फाइल कर मात्र, सगळे एकात चिकटवलेस तर रेंजच्या, म्हणजे तुकडा किती फाइल्समध्ये आला त्या कॉलममध्ये सगळीकडे १ च दिसेल. 'यूज ऑफ सोशल मीडिया' असलं विषयातूनच आलेलं बाजूला काढ, आणि काढलंय हे लिही.

इंग्रजीच्या_बाई:
'का' बद्दल मी बोलते, बरीच वर्षं पेपर तपासतेय. आपलं 'दुसरीकडे' दरवेळी विरोधच दाखवतं असं नाही ना, 'एकीकडे पेरण्या सुरू, तर दुसरीकडे शाळाही उघडल्या' असं आपण सहज म्हणतो, मुलं तेच इंग्रजीत नेतात. 'डे बाय डे' म्हणजे आपलं दिवसेंदिवस, 'प्लेज अ व्हायटल रोल' म्हणजे महत्त्वाची भूमिका बजावतो. कृपा करून त्यांना आळशी म्हणू नका, दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेला मुलगा इंग्रजी वाक्य सुरू करायलाच घाबरतो, हे चार शब्द तरी बरोबर आहेत एवढीच त्याला खात्री असते.

मृण्मयी_एमए:
बाई, आत्ता एकेक ओळ उघडून वाचली. एकाने लिहिलंय, 'सोशल मीडिया इज युजफुल फॉर स्टुडंट्स. ऑन द अदर हँड इट इज युजफुल फॉर फार्मर्स.' अगदी तुम्ही म्हणता तेच! तुलनेला कोल्हापूर कॉर्पस, म्हणजे भारतीय इंग्रजीचा तो मजकूरसाठा, घेऊ का?

शब्दमोजणी:
जपून. शिवाजी विद्यापीठात शास्त्री सरांनी उभं केलेलं ते काम फार मोठं आहे, दहा लाख शब्द, पण मजकूर १९७८ सालचा आणि छापील. विद्यार्थ्यांचं लेखन हवं तर बीएडब्ल्यूई हा ब्रिटनमधल्या विद्यापीठांतल्या लेखनाचा साठा आहे, फक्त त्यात चांगले मार्क मिळालेल्याच असाइनमेंट्स आहेत, एफवायच्या निबंधाशी सरळ लावलंस तर मुलांवर अन्याय होईल. त्यापेक्षा टीवायचे निबंध मिळव. आणि काय आलं नाही तेही बघ, 'इन द केस ऑफ', 'द नेचर ऑफ द' असले नामाभोवतीचे तुकडे शोधनिबंधांत भरपूर असतात, तुझ्या यादीत आहेत का?

मृण्मयी_एमए:
आत्ता शोधलं, 'द नेचर ऑफ द' एकदाही नाही. टीवायच्या मॅडमना उद्याच विचारते.

इंग्रजीच्या_बाई:
निबंध कमी पडले तर सांग गं, माझ्याकडच्या मुलांना विचारून बघते, नावं मात्र काढूनच देईन.