वाढं पोटभर खातंय पण खोंड अंग धरंना, खुराक कसा ठेवू?

वारणाकाठ:
राम राम मंडळी. पौषात आटपाडीकडच्या खरसुंडीच्या यात्रेतनं एक खिल्लार खोंड आणलाय, वय साधारण 14 महिने. आणला तेव्हा अंगानं बेताचा पण कातडी कशी चकचकीत होती. आमचं गाव वाळवा तालुक्यात, ऊसतोड चालू हाय त्यामुळं वाढ्याला, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याला, तोटा न्हाई, तोडकऱ्यांकडनं पेंढ्या घेतो आणि सकाळ संध्याकाळ गव्हाण भरून टाकतो, वर मूठभर सरकी पेंड. आता 2 महिने झाले, पोट नगाऱ्यागत दिसतंय पण बरगड्या मोजून घ्याव्यात अशी गत. केस राठ झालेत, उभे राहतात. आणि गेल्या आठवड्यापासनं गोठ्याची भिंत चाटतोय, दावं चघळून चघळून ओलं चिंब करतोय. तात्या म्हणतात जनावर हलकं लागलं, बाजार दाखव. मला विकायचा न्हाई, लई हौसेनं आणलाय. एकजण म्हणतोय मक्याचा भरडा 4-5 किलो चालू कर, महिन्यात फरक दिसंल. करू का?

आटपाडीचा गडी:
भाऊ आधी तात्यांना सांगा जनावर हलकं न्हाई, वैरण हलकी हाय. आमच्याकडं ते खोंड कडब्यावर वाढलेलं, ज्वारीचा कडबा, माळावरचं गवत, थोडी पेंड. तुम्ही त्याला एकदम नदीकाठच्या वाढ्यावर नेऊन बांधला. वाढ्यानं पोट भरतं पण त्यात प्रथिनं 5-6 टक्क्यांच्या आसपास, आणि वाढत्या खोंडाला 12-13 तरी पाहिजेत. दुसरं म्हणजे वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातला चुना म्हणजे कॅल्शियम धरून ठेवतं, जनावराच्या हाडाला काय लागतच न्हाई. भिंत चाटतोय ते उगीच न्हाई चाटत, त्याला खनिज कमी पडलंय, फॉस्फरस कमी असलं तरी असंच करतं. वाढं पूर्ण बंद करा असं म्हणत न्हाई, ऊसपट्ट्यात फुकटातली वैरण कोण सोडंल, पण नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नका. कुट्टी करा, 100 लिटर पाण्यात 2 किलो चुना कालवून वरची निवळी शिंपडा, रात्रभर ठेवून सकाळी घाला. खालचा गाळ घ्यायचा न्हाई.

माणदेशी:
भरड्याचं मात्र अजिबात करू नका दादा, हात जोडतो. मी स्वतः ही चूक केलीय. म्हसवडला असताना एका खोंडाला लवकर अंग भरावं म्हणून 3 दिवसांत अर्ध्या किलोवरनं 4 किलो भरड्यावर नेला. चौथ्या दिवशी सकाळी बघतोय तर रवंथ बंद, डावी कूस तटतटलेली, शेण राखाडी पातळ आणि त्याला आंबूस वास, तोंडाला फेस. पोटात आंबलं होतं सगळं. डॉक्टर आले म्हणून वाचला, पण पुढं 2 महिने खुरं दुखून लंगडत होता, उठताना कण्हायचा ते अजून कानात हाय. धान्य वाढवायचं तर अर्ध्या किलोपासनं सुरू करा आणि दर 3-4 दिवसांनी पावशेर वाढवा, त्यापेक्षा घाई नको.

शिरवळकर:
शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलोय म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, जंत. पोट मोठं, अंग बारीक, केस राठ, या तिन्हींचं ते पण कारण असू शकतं. शेण तपासून घ्या आणि औषध वजनाप्रमाणं डॉक्टरांकडनंच द्या, शेजाऱ्याच्या बाटलीतलं अंदाजानं ओतू नका. दुसरी, वजन माहीत असल्याशिवाय खुराक ठरत नाही. टेप घ्या, पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलोत वजन आलं. जनावर सरळ उभं असताना मोजा, टेप सैल नको. आकडे इथं टाका.

वारणाकाठ:
सकाळीच मोजलं, पोरगा टेप धरायला. घेर 54, लांबी 44. हिशोब केला तर 194 किलो येतंय.

शिरवळकर:
छान. मग दिवसाला वजनाच्या अडीच टक्के कोरडं, म्हणजे साधारण 5 किलो धरा, पाणी काढून टाकलं तर उरतं तेवढं. तेवढं भरायला पाण्यासकट वजनानं वाढ्याची कुट्टी 5 किलो, ज्वारीचा कडबा 2 किलो, लसूणघास 3 किलो, तो अर्धवट सुकवून द्या, ओला दवातला घातला तर पोट फुगतं. आणि खुराक दीड किलो, 2 आठवड्यांत हळूहळू तिथवर न्या. 100 किलो खुराक करायचा तर मका भरडा 35, शेंगपेंड 20, सरकी पेंड 15, गव्हाचा भुसा (कोंडा) 27, खनिज मिश्रण 2, मीठ 1. पेंड फोडून बघा, आत बुरशी दिसली किंवा वास आला तर परत करा, स्वस्त मिळतीय म्हणून घेऊ नका, त्या बुरशीच्या विषानं लिव्हर जातं. पाणी समोर कायम असू दे. आणि एक लक्ष ठेवा, वाढ्यावरच्या नराला मूतखड्याचा त्रास होऊ शकतो, लघवी थेंब थेंब होत असंल किंवा कळ काढत असंल तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

आटपाडीचा गडी:
लसूणघास म्हणजे आपला मेथीघासच, तो नसंल तर बरसीम पण चालतो. आणि हंगाम संपला की वाढं पण संपतं, म्हणून आत्ताच कडबा भरून ठेवा, मे महिन्यात दर ऐकून घाम फुटतो.

वारणाकाठ:
मंडळी, 4 आठवडे झाले म्हणून कळवतोय. शेणात जंत निघालेच, डॉक्टरांनी औषध पाजलं. खुराक परवापासनं दीड किलोवर आलाय, शेण घट्ट पडतंय, वास न्हाई. घेर 55 भरला. भिंत चाटायची बंद केलीय, दावं पण कोरडं असतं. तात्या काल संध्याकाळी स्वतःहून पाठीवरनं हात फिरवत होते, बाजाराचं नाव काढलं न्हाई. कडब्याच्या 200 पेंढ्या बोलून ठेवल्यात.