मदत हवी आहे: आईला गाडी लागते, तरी सात दिवसांत समुद्र आणि रेडवूड दोन्ही बघायचं आहे (उत्तर कॅलिफोर्निया)

हळदकांडी:

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पहिल्यांदाच सांगलीहून आमच्याकडे फ्रीमाँटला आले आहेत. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मला आणि बायकोला दोघांनाही सुट्टी मिळते आहे, लेकीची शाळाही बंद असेल. शनिवारी निघून पुढच्या शुक्रवारी परत यायचं, म्हणजे सहा रात्री. गाडी आमचीच मिनीव्हॅन आहे. माणसं पाच: आम्ही दोघं, लेक (वय ८), आई (६८) आणि बाबा (७३).

अडचणी आधीच सांगतो. आईला गाडी लागते. लहानपणी आंबा घाटातून रत्नागिरीला जाताना एसटीच्या खिडकीची जागा कायम तिच्यासाठी राखीव असायची, त्यावरून समजून घ्या. बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर मैलभर आरामात चालतात, पण पायऱ्या आणि चढ नको म्हणतात. दोघंही पूर्ण शाकाहारी. लेकीला रेडवूडमधलं, म्हणजे जगातलं सगळ्यात उंच झाड बघायचंय आणि बायकोला मेंडोसिनो हे समुद्रकाठचं गाव.

आत्तापर्यंत केलेला आराखडा:

दिवस १: म्युअर वुड्स, पॉइंट रेयस, मुक्काम बोडेगा बे
दिवस २: हायवे १ ने फोर्ट रॉस, पॉइंट अरीना, मुक्काम मेंडोसिनो
दिवस ३: फोर्ट ब्रॅगची काचांची पुळण, लेगेटचं आरपार गाडी जाणारं झाड, ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स (रेडवूडच्या जंगलातून जाणारा रस्ता), मुक्काम युरेका
दिवस ४: फर्न कॅन्यन, रेडवूड नॅशनल पार्क, मुक्काम क्रेसेंट सिटी
दिवस ५: क्रेटर लेक
दिवस ६: माउंट शास्ता, लासेन
दिवस ७: घरी

जमलंच तर जनरल शर्मन हे झाडही बसवायचंय. ते नक्की कुठल्या दिवशी वाटेत येईल? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

---

घाटवळण:

भाऊ, हा आराखडा आहे की एसटीचं वेळापत्रक? सहा रात्री आणि सहा मुक्काम. रोज सकाळी पाच जणांच्या बॅगा भरायच्या, बाबांच्या गोळ्या शोधायच्या, आणि अकरा वाजता खोली सोडायची. दोन वर्षांपूर्वी सासू-सासऱ्यांना घेऊन मी हेच केलं होतं. चौथ्या दिवशी सासरे म्हणाले, "मी गाडीतच बसतो, तुम्ही बघून या."

जनरल शर्मन कुठल्याच दिवशी वाटेत येणार नाही. तो जायंट सिक्वोया, सिएरा नेवाडातला, तुमच्या उलट दिशेला. तुम्ही बघायला निघालाय तो कोस्ट रेडवूड. दोघं चुलतभाऊ म्हणा. सिक्वोया अंगाने आडवा आणि आकारमानाने मोठा, रेडवूड उंचीने. शर्मन २७५ फुटांचा आहे, तर उत्तरेकडचे रेडवूड ३५० च्या पुढे जातात. रेडवूडला समुद्राकडून येणारं धुकं लागतं. उन्हाळ्यात तिकडे पाऊस जवळपास नसतोच. मग पानांवर धुकं साचतं, थेंब-थेंब खाली गळतं आणि मुळं ते पितात. म्हणून ही झाडं किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यातच दिसतात.

क्रेटर लेक, शास्ता आणि लासेन आजच खोडा. सुंदर आहेत, पण ती वेगळी सहल आहे.

---

खारा_वारा:

घाटवळण यांच्याशी सहमत. पण खरा मुद्दा आईंचा आहे, त्याबद्दल लिहितो. गाडी लागणाऱ्या माणसाला हायवे १ वर दोन दिवस सलग नेणं ही शिक्षा आहे. जेनरपासून वर रस्ता कड्याच्या कडेने साप गेल्यासारखा जातो. फोर्ट ब्रॅग सोडलं की रॉकपोर्टपासून लेगेटपर्यंतचे वीसेक मैल समुद्रही दिसत नाही. नुसती जंगलातली वळणं, एक संपलं की दुसरं. मेंडोसिनोला आतून गाठायचे रस्ते दोन, क्लोव्हरडेलहून १२८ आणि विलिट्सहून २०. दोन्ही वळणांचेच.

पण समुद्र बघायचा म्हणजे हायवे १ च हवा, असं कोणी सांगितलं? लेगेटला हायवे १ संपून आतून येणाऱ्या हायवे १०१ ला मिळतो. त्यापुढचा लॉस्ट कोस्टचा डोंगर इतका उभा आहे की किनाऱ्याने हमरस्ता काढलाच नाही. तुम्ही सरळ १०१ ने वर गेलात तर युरेकाच्या पुढे समुद्र आपणहून रस्त्याजवळ येतो. ट्रिनिडाड ते ऑरिक या पट्ट्यात एका हाताला खाजण, दुसऱ्या हाताला लाटा, आणि रस्ता बऱ्यापैकी सरळ. तिथून पंधरा-वीस मिनिटांवर रेडवूड. म्हणजे तीन रात्री ट्रिनिडाडला तळ ठोकला तर दोन्ही हाताशी.

१०१ म्हणजे एक्स्प्रेसवे नव्हे हेही सांगतो. लेगेट ते गार्बरव्हिल वळणं आहेत आणि रिचर्डसन ग्रोव्हमध्ये झाडं रस्त्याला खेटून उभी आहेत. पण हायवे १ च्या मानाने ते काहीच नाही. फ्रीमाँट ते युरेका साधारण तीनशे मैल, थांबे धरून आठ तास. विलिट्सच्या आसपास अर्धा रस्ता होतो, तिथे जेवा.

---

बटाटेवडा_प्रेमी:

वहिनींची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून मी घेतो. मेंडोसिनो सोडू नका! आमच्या सौंनाही गाडी लागते. निघायच्या अर्धा तास आधी ॲव्होमिनची गोळी, पुढची सीट, खिडकी थोडी उघडी आणि आले-पाक. निभतं.

आणि करायचंच तर जाताना १०१ ने जा, येताना हायवे १ ने या. इथे गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे दक्षिणेला येताना समुद्र तुमच्या बाजूला असतो आणि बघायला थांबायच्या जागाही उजव्या हाताला, समोरच्या गाड्या कापायला लागत नाहीत.

---

खारा_वारा:

बरोबर आहे, पण कडाही त्याच बाजूला असतो. पुढच्या सीटवर बसलेल्या आईंच्या थेट खिडकीखाली. माझी आई त्या पूर्ण रस्त्यात रामरक्षा म्हणत होती.

---

ऑरिगॉनची_आत्या:

मी या भागात दरवर्षी खाली उतरून येते, त्यामुळे बाबांच्या गुडघ्याच्या हिशोबाने सांगते.

फाउंडर्स ग्रोव्ह (ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्सवर): अर्ध्या मैलाची सपाट फेरी. इथे डायरव्हिल जायंट नावाचं झाड १९९१ मध्ये उन्मळून पडलं, ते तसंच आडवं ठेवलंय. उभ्या झाडाची उंची डोळ्यांना कळतच नाही. या पडलेल्या झाडाच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललात की कळते. मुळांजवळ माणूस उभा करून फोटो काढा.

बिग ट्री (प्रेअरी क्रीकमध्ये): गाडीतळापासून चार पावलांवर. तिथे जाताना १०१ सोडून न्यूटन ड्रुरी पार्कवेने जा, दहा मैलांचा रस्ता आहे आणि पूर्ण जंगलातून जातो. वाटेत कुरणात रूझवेल्ट एल्कचे कळप दिसतात. सांबराचा थोरला भाऊ समजा. जूनमध्ये पिल्लं असतात, माद्या अंगावर येतात, लांबूनच बघा.

लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्ह: दीड मैलाची फेरी, जवळजवळ सपाट. सकाळी धुक्यात जा.

सिम्पसन-रीड ग्रोव्ह: क्रेसेंट सिटीच्या पुढे हायवे १९९ वर. छोटी, सपाट आणि बरीच शांत. हाउलंड हिल रोडची सगळे स्तुती करतात आणि ती खरी आहे. पण तो कच्चा, अरुंद रस्ता आहे. आई मागच्या सीटवर असतील तर विचार करा.

युरेकाच्या प्राणिसंग्रहालयातला स्कायवॉक विसरू नका. २०२१ मध्ये सुरू झाला. रेडवूडच्या बुंध्यांना झुलते आणि पक्के पूल बांधून जमिनीपासून शंभर फुटांवर नेलंय. वर जायला रॅम्प आहे, पायऱ्या नाहीत.

फर्न कॅन्यनला उन्हाळ्यात गाडी न्यायला आधी ऑनलाइन परवाना काढावा लागतो. ऐनवेळी जाऊन भांडलात तरी सोडत नाहीत. डेव्हिसन रोड कच्चा आहे, मध्ये ओहोळ ओलांडावे लागतात, पण मिनीव्हॅन जाते. आत ओढ्यातून चालायचं असतं. उन्हाळ्यात फळ्या टाकतात, तरी पाय भिजणार असं धरूनच जा. बाबांना सोबत न्यायचं की किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसवायचं ते तुम्ही ठरवा.

लेकीला सांगा की सर्वात उंच झाडाचं नाव हायपेरियन, उंची सुमारे ३८० फूट, २००६ मध्ये सापडलं. पण तिथे जायला बंदी आहे. लोकांनी वाट तुडवून आजूबाजूची जमीन दाबून टाकली, म्हणून २०२२ पासून तो भागच बंद केलाय. पकडले गेलात तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड किंवा तुरुंग. तसंही खालून बघताना ३८० फूट आणि ३४० फूट सारखेच दिसतात.

---

घाटवळण:

लेगेटचं आरपारचं झाड: भोक साधारण सहा फूट रुंद आहे. बहुतेक मिनीव्हॅन त्याहून रुंद असतात. दोन्ही बाजूंचा रंग खरवडून घ्यायचा असेल तर अवश्य जा. चालत आरपार जाता येतं.

---

हळदकांडी:

मंडळी, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. शर्मनबद्दल लाज वाटली, असो.

सगळं वाचून रात्री घरात बैठक झाली. बायको म्हणाली, "मेंडोसिनोला आपण दोघं ऑक्टोबरमध्ये जाऊ." त्यामुळे तो प्रश्न मिटला आणि एक नवा खर्च सुरू झाला. नवा आराखडा: एक रात्र फोर्टुना, तीन रात्री ट्रिनिडाड, एक क्रेसेंट सिटी, आणि परतीला एक रात्र युकाया. हायवे १ पूर्ण बाद.

अजून दोन प्रश्न. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त आहेत. झाडं बघून त्यांना दुसऱ्या दिवशी कंटाळा येईल अशी भीती वाटते. त्यांच्यासाठी काही? आणि कपडे-जेवणाचं काय करावं?

---

खारा_वारा:

पीडब्ल्यूडी! मग त्यांच्यासाठी तर खजिना आहे. क्लॅमथ आणि क्रेसेंट सिटीच्या मध्ये लास्ट चान्स ग्रेड नावाचा टप्पा लागतो. तिथला डोंगर वर्षानुवर्षं समुद्राकडे सरकतोय आणि १०१ त्याच्यासोबत. सारखं काम चालू असतं, एकेरी वाहतूक, अर्धा तास थांबावं लागू शकतं. आता बोगदा काढून रस्ता आत न्यायचं ठरलंय. बाकीचे प्रवासी तिथे वैतागतात, तुमचे बाबा गाडीतून उतरायला बघतील.

ॲव्हेन्यूवर वीऑट गावाजवळ एक खांब आहे. डिसेंबर १९६४ मध्ये ईल नदीला महापूर आला, त्या पाण्याची पातळी वर खूण करून दाखवलीय. मान वर करून बघावी लागते. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

क्रेसेंट सिटीत त्याच १९६४ च्या मार्चमध्ये अलास्काच्या भूकंपानंतर त्सुनामी आली होती आणि गावाचा मधला भाग वाहून गेला. तिथलं बॅटरी पॉइंट दीपगृह बेटावर आहे, ओहोटीलाच चालत जाता येतं, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखं. भरती-ओहोटीच्या वेळा बघूनच त्या दिवसाचं वेळापत्रक ठरवा.

---

ऑरिगॉनची_आत्या:

कपडे: युकायाला दुपारी अंगाची लाही होईल आणि त्याच संध्याकाळी ट्रिनिडाडला स्वेटर आणि कानटोपी लागेल. जून म्हणजे धुकं. समुद्रात पोहायचं मनातसुद्धा आणू नका, पाणी बर्फासारखं असतं. आणि लाटेकडे पाठ करून कोणी उभं राहायचं नाही. शांत दिसणाऱ्या समुद्रातून मध्येच एखादी लाट खूप आत येते आणि माणूस ओढून नेते. ओंडक्यांवर लेकीला चढू देऊ नका, भिजलेला ओंडका लाटेने सहज उलटतो.

जेवण: स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. राइस कुकर, मेतकूट, थेपले आणि दाण्याची चटणी न्या. भाजी-दूध आर्केटाला भरा आणि पेट्रोलही तिथेच. पुढे जंगलात फोनला रेंज नसते, नकाशे आधीच उतरवून ठेवा.

---

हळदकांडी:

काल रात्री परत आलो. जे धागा काढून गायब होतात त्यांच्यावर इथे बोलणी बसतात, म्हणून लगेच वृत्तांत.

आईने पहिल्या दिवशी विलिट्सला जेवण झाल्यावर ॲव्होमिन घेतली. गाडी अजिबात लागली नाही, कारण ती गार्बरव्हिलच्या आधीच झोपली आणि थेट फोर्टुनाच्या मोटेलसमोर जागी झाली. ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स सगळा घोरण्यात गेला. फाउंडर्स ग्रोव्हलाही उठली नाही, बायको तिच्याजवळ गाडीत थांबली.

बाबा वीऑटच्या खांबाखाली वीस मिनिटं उभे होते. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलावर ५७ फूट पाणी होतं, ते सांगून त्यांनी एका अमेरिकन आजोबांना धरून ठेवलं. आजोबांनीही त्यांचा पूर सांगितला. दोघांचं इंग्रजी एकमेकांना किती कळलं देव जाणे, पण शेवटी हस्तांदोलन झालं. लास्ट चान्स ग्रेडला पंचवीस मिनिटं थांबलो, ती त्यांना कमी पडली.

फर्न कॅन्यनचा परवाना मंगळवार सकाळचा मिळाला. बाबा किनाऱ्यावर थांबले आणि आई, जिला आम्ही गृहीतच धरलं नव्हतं, साडी खोचून ओढ्यातून सगळ्यांच्या पुढे गेली. दोन्ही बाजूंच्या पन्नास फुटी भिंतींवर नुसते नेचे लोंबत होते. "आपल्या आंबोलीसारखं आहे, पण इथे कोणी भजी विकत नाही," एवढाच तिचा अभिप्राय.

लेकीने बिग ट्रीला मिठी मारायचा प्रयत्न केला, कुंपण होतं. मग पडलेलं झाड पावलांनी मोजलं. तिचा आकडा मी इथे देत नाही, ती मध्ये दोनदा विसरली.

परतीच्या दिवशी आईने गोळी घ्यायला साफ नकार दिला. पुढच्या सीटवर बसली, खिडकी उघडी आणि तोंडात आले-पाक (बटाटेवडा यांचे आभार). ॲव्हेन्यू पुन्हा पूर्ण केला, या वेळी ताशी तीस मैलांनी. फाउंडर्स ग्रोव्हला ती त्या आडव्या झाडाच्या मुळांपाशी उभी राहिली, फोटो काढला. मुळं तिच्या दुप्पट-तिप्पट उंच. गाडीत येऊन बसली आणि म्हणाली, "आता त्या वळणांच्या रस्त्याचं काय ते सांग. ऑक्टोबरमध्ये तुम्ही दोघंच जाणार आहात म्हणे?"

तिचा व्हिसा नोव्हेंबरपर्यंत आहे. नवा धागा काढू की इथेच विचारू?