शब्दचर्चा: ‘डिप्रिकेटेड’ म्हणजे मोडीत काढलेलं का?

पानउलट:
प्लाझ्मा आणि ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमधे सध्या काय चाललंय ते मराठीत लिहायला घेतलं की एक शब्द हटकून नडतो, डिप्रिकेटेड. कोशात ‘नापसंती दाखवणे’ असलं काहीतरी मिळतं, ते इथे बसत नाही. एक्स११ ही पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा, तिच्याबद्दल लोक सरळ ‘एक्स११ मोडीत काढलं’ लिहून मोकळे होतात, काहीजण ‘कालबाह्य’ लिहितात. यातलं काय बरोबर?

तिरकाबाण:
मोडीत काढलं म्हणजे वस्तू भंगारात गेली, संपलं. डिप्रिकेटेड असताना वस्तू जागेवर असते, चालतेही, फक्त बनवणारे सांगतात की बाबांनो यावर आता नवीन काही उभं करू नका, हे पुढेमागे जाणार. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ विनवण्या करून टाळणे असा आहे, त्यामुळे ‘कृपया नको’ हा सूर पहिल्यापासूनचाच. आणि जाता जाता, डिप्रिशिएटेड लिहू नका हो, तो हिशेबातला घसारा!

खिडकीसरकवा:
तिरकाबाणशी सहमत, पण खरी गोची वेगळी आहे. बातम्यांत चार निरनिराळ्या पायऱ्यांना एकच ‘काढलं’ वापरतात आणि मग वाचणारा घाबरतो. प्लाझ्मा ६.० आलं फेब्रुवारी २०२४ मधे, तेव्हा वेलँड (एक्स११ च्या जागी आलेली नवी यंत्रणा) डिफॉल्ट झालं, म्हणजे एक्स११ फक्त पहिल्या पसंतीवरून उतरलं, लॉगिनच्या वेळी निवडता येतच होतं. मग ६.४ ला केविनचे (प्लाझ्माचा खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम) दोन तुकडे केले, एक्स११ वाला वेगळा, आणि नवीन फीचर्स सगळी वेलँडवाल्यात, दुसऱ्याची नुसती डागडुजी. डिप्रिकेटेड म्हणायचं तर ही अवस्था. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मधे प्लाझ्मा बनवणाऱ्या केडीईने जाहीर केलं की ६.८ पासून एक्स११ सेशनच नसेल, म्हणजे एक्स११ वर लॉगिनच करता येणार नाही, ते मात्र खरं काढणं. ग्नोमने मधे अजून एक पायरी घेतली, ४९ मधे (सप्टेंबर २०२५) कोड तसाच ठेवला पण बिल्ड करताना बंद, डिस्ट्रोवाल्यांना (लिनक्स बांधून लोकांना देणाऱ्यांना) हवं तर चालू करा. त्याला ‘काढलं’ म्हणणं चूक आहे, ‘बंद करून ठेवलं’ म्हणा. कोड उपटायचं काम त्यानंतरच्या ५० साठी ठेवलं.

पानउलट:
हे भारी आहे. पण मग दुसऱ्या पायरीला एका शब्दात काय म्हणू? ‘डागडुजीपुरतं ठेवलेलं’ फार लांबतं.

तिरकाबाण:
मावळतं! मावळता अध्यक्ष म्हणतो ना आपण, खुर्चीवर आहे, सह्या करतोय, पण जाणार हे ठरलंय. ‘मावळतं एक्स११ सेशन’.

जुनाटर्मिनल:
सेशनला शोभतं, पण ‘मावळतं फंक्शन’ कोण म्हणेल, कविता वाटते. लायब्ररीतल्या फंक्शनला मी ‘टाळावं असं’ लिहितो, प्रोग्रॅमरला तेवढं पुरतं. आणि ‘कालबाह्य’ला माझा साफ विरोध, त्यात निकाल दिल्यासारखं होतं. एक्स११ १९८७ चं आहे, वेलँड सुरू झालं २००८ ला, म्हणून काय लगेच कालबाह्य? एक्सएफसीई या डेस्कटॉपच्या ४.२० मधे (डिसेंबर २०२४) वेलँड अजून ‘प्रायोगिक’ म्हणूनच आलं, तिथे रोजचं काम एक्स११ वरच चालतं. एका डेस्कटॉपचं मावळतं दुसऱ्याचं भर दुपारचं असू शकतं, तेव्हा कुणाचं ते लिहिल्याशिवाय हा शब्द वापरूच नये.

खिडकीसरकवा:
हा मुद्दा एकदम मान्य. अजून एक, ‘सेशन गेलं’ याचा अर्थ लोक ‘माझी जुनी ॲप्स गेली’ असा घेतात. तसं नाहीये, एक्सवेलँड राहतंय, एक्स११ साठी लिहिलेली बहुतेक ॲप्स त्याच्यातून चालत राहतील. म्हणून ‘सपोर्ट काढला’ असं मोघम लिहू नका, सेशन, कोड की ॲप्स, नक्की काय ते लिहा.

पानउलट:
ठीक, मग मी डेस्कटॉपसाठी मावळतं, फंक्शनसाठी टाळावं असं, आणि बंद ठेवलं/काढून टाकलं हे दोन वेगळे. आता कंपोझिटरचं पण सांगून टाका कोणीतरी.

तिरकाबाण:
छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला जुळारीच म्हणायचे. इथलाही सगळ्या खिडक्या जुळवून एक चित्र करतो, मग जुळारी का नको?

जुनाटर्मिनल:
शब्द गोड आहे पण ‘जुळारी क्रॅश झाला’ असा बग आला तर मी आधी दोन मिनिटं हसेन. कंपोझिटरच राहू दे.