खानदेशी 'पाटील', मूळ आडनाव आणि लेकीचं नाव: सल्ला हवा आहे

अंजनीकाठ
नमस्कार मंडळी. आम्हाला मुलगी झाली आहे, बारसं अजून व्हायचंय. सासर-माहेर दोन्ही खानदेशातलं, राहायला पुण्यात.

आमच्या सगळ्या कागदांवर आडनाव पाटील. पण गावी गेलं की भाऊबंद स्वतःला बोरसे म्हणवतात, लग्नपत्रिकेवरही 'पाटील (बोरसे)' छापतात. सासरे म्हणतात, बोरसे हेच खरं, पाटीलकी नंतरची. नवऱ्याला मुलीच्या दाखल्यावर बोरसे लावायचंय. इंटरनेटवर कुणी लिहितं बोरसे म्हणजे बोरीच्या झाडावरून, कुणी लिहितं बोरी नदीवरून. यातलं खरं कसं शोधायचं?

आणि नाव सुचवा. खानदेशच्या मातीतलं हवं, पण पुण्यातल्या शाळेतही नीट उच्चारलं जाईल असं.

मोडीवाचक_धुळे
अभिनंदन ताई! सासरे बरोबर सांगताहेत. पाटील हा हुद्दा, कूळ नव्हे. माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत 'पट्टकिल' म्हणून गावप्रमुख येतो, त्याचाच पुढे पाटील झाला असं मानतात. म्हणून खानदेशात मराठा, लेवा, गुजर, कोळी अशा कितीतरी समाजांत पाटील सापडतात आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं. हुद्द्याचीच आडनावं पाहायची तर बहिणाबाईंचं उदाहरण घ्या. १८८० साली असोद्याच्या महाजनांच्या घरात जन्म आणि जळगावच्या चौधरींकडे सासर. महाजन काय, चौधरी काय, दोन्ही मानाच्या कामावरून आलेली.

बोरसेचं मूळ मात्र आवाजावरून ठरवू नका, हे कळकळीने सांगतो. कापडणीस घ्या. धुळ्याजवळ कापडणे गाव आहे, म्हणून एक म्हणतो आडनाव गावावरून आलं. दुसरा म्हणतो फडणीस-चिटणीससारखा फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा आहे. ऐकायला दोन्ही पटतं. निकमांचंही तसंच. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात निकुंभ राजघराणं आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने काढलेल्या मठाची नोंद त्याच लेखात आहे. निकम आडनाव त्या घराण्याशी जोडतात. म्हणून आजचं प्रत्येक निकम घर राजवंशातलं ठरत नाही. तुमच्या घराचं काय ते तुमच्या गावचे कागदच सांगतील.

निवृत्त_तलाठी
कागदांबद्दल मी सांगतो. तहसील कार्यालयात गाव नमुना १४ मागा. आमच्याकडे त्याला कोतवाल बुक म्हणतात, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात. जुनी पानं बरीचशी मोडीत आहेत, वाचणारा सोबत न्या. आजोबांच्या प्राथमिक शाळेतलं जनरल रजिस्टर पाहा. मग सातबारा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी. वारस लागताना पणजोबांचं नाव कसं लिहिलंय, तिथे 'बोरसे' आहे की नाही ते कळेल.

एक लक्षात ठेवा. खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला, नंदुरबार तर १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. गाव आज ज्या जिल्ह्यात आहे तिथेच सगळे जुने कागद असतील असं धरून चालू नका. गाव कोणतं, तालुका कोणता?

अंजनीकाठ
काका, गाव एरंडोल तालुक्यात. फेरफाराचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मोडीवाचक_धुळे
म्हणजे पूर्व खानदेश, जळगावपासून सुरुवात करा. मोडी अडली तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, त्यांचा संग्रह तिथे आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांकडे गावा-आडनावाप्रमाणे नामावळ्या असतात. घरातलं कुणी पूर्वी तिथे विधीला गेलं असेल तर पणजोबांपर्यंतची नावं मिळू शकतात.

शिरपूरवाली
कागद मिळतील तेव्हा मिळतील, आधी घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा! कानबाई या आपल्या खानदेशी देवीच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदातच खातात, बाहेर देत नाहीत. ज्यांच्यासोबत तुम्ही रोट खाता ती तुमची भाऊबंदकी. आमच्या घरी रोटाचे गहू काढताना आजी एकेका पुरुषाचं नाव घेऊन मूठ मूठ गहू सुपात टाकायची. थोरल्या घरापासून सुरुवात, मग धाकटी पाती, कामासाठी सुरतेला गेलेलेसुद्धा. सगळं तोंडपाठ. मी ते वहीत उतरवून घेतलं म्हणून आज आमच्याकडे वंशावळ आहे. सासूबाईंना आजच फोन लावा, आणि रेकॉर्ड करा.

आता नाव. आपल्या नद्यांकडे पाहा ना! तापी ही सूर्याची लेक, आषाढ शुद्ध सप्तमीला तिची जयंती. आपल्या आज्यांमध्ये तापीबाई किती होत्या! मुलींना मात्र आता कुणी ठेवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या शिरपूरची अरुणावती, शहाद्याची गोमाई. सातपुड्यापलीकडची नर्मदा म्हणजे रेवा. नदी नको तर मुक्ताईनगरच्या संत मुक्ताबाईंवरून मुक्ता. पाटणादेवीच्या भास्कराचार्यांच्या ग्रंथावरून लीलावती. माझं मत विचाराल तर तापी ठेवा.

सातपुडा_पायथा
मी यावलकडचा, आडनाव तडवी. आमच्यातही तेच. तडवी हा भिल्लांमधला गावप्रमुखाचा मान, पुढे आमच्या अख्ख्या समाजाचं नाव झालं. शिंदखेडा-शिरपूरकडचे गिरासे 'गिरास' या जमिनीवरच्या हक्कावरून आले असं सांगतात.

जुन्या वह्या पाहाल तेव्हा सुपडू, उखर्डू, भिकन, लोटन अशी नावं दिसतील. हसू नका आणि टाळूही नका. मुलं दगावायची, म्हणून नवं बाळ सुपात घालायचे, उकिरड्यावर ठेवून उचलायचे, कुणाकडे भीक मागितल्यासारखं परत घ्यायचे. नजर लागू नये म्हणून नाव तसंच ठेवायचे. माझ्या ओळखीच्या एका घरात आजोबांचं नाव सुपडू, पण नातवंडांनी कागदावर ते 'सुभाष' करायचा घाट घातला होता. असं करू नका. त्या नावामागे त्या आईने गमावलेली लेकरं आहेत.

निवृत्त_तलाठी
दाखल्याबद्दल राहिलं. वडिलांच्या आधारवर पाटील आणि मुलीच्या दाखल्यावर बोरसे असं करू नका. पुढे शाळा, पासपोर्ट, जात पडताळणी, प्रत्येक ठिकाणी खुलासा द्यावा लागेल. बोरसे लावायचंच असेल तर आधी नवऱ्याने राजपत्रात नाव बदलावं, मग मुलीचं. आणि जुना पुरावा हातात आल्याशिवाय तेही नको.

तिच्या नावाची घाई नाही. जन्मनोंदणी झाली असेल तर बाळाचं नाव बारा महिन्यांपर्यंत शुल्क न भरता घालता येतं. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी क्रम आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा आहे. फॉर्म भरताना तुमचं नाव त्यात आलंय ना ते तपासा.

अंजनीकाठ
मनापासून आभार सगळ्यांचे. आडनाव तूर्त पाटीलच ठेवतोय. नवऱ्याने फेरफाराच्या नकलांसाठी अर्ज करायचं ठरवलंय. सासूबाईंशी बोलले, त्यांना सात पिढ्या नाही पण पाच पाठ आहेत, आणि पाचव्या पिढीत एक भिकन निघाले. नावात मी तापी आणि मुक्ता यांच्यात अडकले आहे. सासूबाईंच्या आजेसासूबाई तापीबाई होत्या, त्यामुळे घरातलं पारडं तिकडे झुकतंय.