मदत हवी आहे : १९७१ च्या भारत-पाक युद्धातला ब्लॅकआउट (रात्रीची दिवेबंदी) आठवणारं कुणी आहे का?

मंडळी, आमची एकांकिका लंडनवरच्या बॉम्बवर्षावावर आहे. ७ सप्टेंबर १९४० पासून ५७ पैकी ५६ रात्री जर्मन विमानं आली. माणसं अंथरूण घेऊन भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपायची. धोक्याचा भोंगा चढ-उतार करत वाजायचा, धोका टळल्याचा एकसुरी. हे वाचून मिळतं हो, पण अंधारात जीव मुठीत धरून बसायचं कसं, ते आमच्या पोरांना जमेना. (दहा मिनिटं मोबाईल बंद ठेवला तरी कासावीस होतात!)

१९७१ च्या डिसेंबरात नाशिकला, देवळालीला किंवा ओझरकडे राहिलेले कुणी आजी-आजोबा आहेत का? स्वयंपाक कधी उरकायचे, रडणाऱ्या लेकराचं काय करायचे? माझ्या आईला फक्त खिडकीवरचा काळा कागद आठवतो. पंचवटी, सिडको, कुठेही येऊन भेटेन.