मदत हवी आहे: गावचं गाऱ्हाणं लोकसभेत कोणत्या वाटेने न्यावं?

आमच्या खासदारांच्या कार्यालयातून मच्छीमार सोसायटीला निरोप आलाय. येत्या अधिवेशनात गावचा विषय मांडायची साहेबांची तयारी आहे, पण तो सभागृहात चालेल अशा शब्दांत लिहून हवा. लिहायचं काम माझ्याकडे आलंय. इथे संसदेच्या कामकाजाची जाण असलेली, सरकारी नोकरीत आयुष्य काढलेली मंडळी आहेत, म्हणून विचारते.

गाव सिंधुदुर्गातलं, किनाऱ्यावरचं. ग्रामसभेत निघालेली यादी लांबलचक आहे: एलईडी दिव्यांवरची मासेमारी, खारबांधाला (खारं पाणी शेतात येऊ न देणारा बांध) पडलेली खांड, डिझेलचा रखडलेला परतावा, बंदरात साचलेला गाळ आणि सीआरझेडमुळे (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे केंद्राचे नियम) अडलेली घरं. सगळे म्हणतात, सगळं घाला. मला ते पटत नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी राज्यसूचीत आहे आणि फक्त प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी संघसूचीत. ही हद्द १२ सागरी मैलांची. खारबांध, छोटी बंदरं, डिझेलचा परतावा हे राज्याकडचे विषय. ते दिल्लीत मांडले तर "हा राज्याचा विषय आहे" एवढं एक वाक्य हाती येईल आणि आमचा विषय तिथेच मिटेल.

म्हणून एलईडीचा विषय पुढे ठेवावा असं माझं मत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नौकेवर जनरेटर बसवून पाण्यावर प्रखर दिवे सोडतात. उजेडाला मासळी जमते आणि मग जाळ्याचा वेढा टाकून पिल्लांसकट सगळी उचलतात. आमच्याकडे अजून रापण चालते. होडीने जाळं अर्धगोल टाकायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचं. एका रापणीवर कितीतरी घरांचा वाटा असतो. रापणकर मासळीच्या मागे खोल समुद्रात जाऊ शकत नाही, मासळी किनाऱ्याला आली तरच त्याचं पोट भरतं. ती बाहेरच उचलली गेली की इथे ओढलेल्या जाळ्यात काय येणार?

केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे २०० सागरी मैलांपर्यंत, अशा मासेमारीला बंदी घातली. राज्यानेही १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड वाढवला. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर दिवे दिसतात. तक्रार घेऊन जावं तर एका कार्यालयात सांगतात नौका बाराच्या बाहेर होती, दुसरीकडे सांगतात पकडायचं काम आमचं नाही. बंदी आहे, मग अंमल कोणाचा, हा आमचा खरा प्रश्न आहे.

तर मला विचारायचंय ते असं. शून्य प्रहर, नियम ३७७ आणि लेखी प्रश्न यांतलं काय मागावं? गावाला खासदार बोलतानाचा व्हिडिओ हवाय. सोसायटीचे एक जुने रापणकर म्हणाले, "थंय उभो रवान कोणतरी बोलाक व्हयो." त्यांच्या पिढीने नाथ पै पाहिलेत. वेंगुर्ल्याचा माणूस १९५७, १९६२, १९६७ असा तीनदा राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेला. त्यांच्यानंतर १९७१ पासून मधु दंडवते पाच वेळा. दिल्लीत आपला माणूस बोलतो याचं अप्रूप इथे अजून आहे आणि ते मला मोडायचं नाही. पण हातात कागद आला तर पुढच्या वेळी त्याच कागदावर बोट ठेवता येईल, असंही वाटतं.

दुसरं, सीआरझेडचा विषय सोबत जोडावा की वेगळा? २०१९ च्या अधिसूचनेत २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या ग्रामीण भागाला भरतीरेषेपासून ५० मीटरची बांधकामबंदी आहे, त्याहून विरळ असेल तर २०० मीटरची. आमची वाडी विरळ, म्हणून २०० मीटरमध्ये. कोकणात घरं माडाबागांत विखुरलेलीच असतात.

तिसरं, मराठीत बोलता येतं का?

प्रतिसाद: खाडीकाठ

ताई, विषयांची वाटणी बरोबर केलीत, अर्धं काम तिथेच झालं.

शून्य प्रहर हा नियमपुस्तकातला शब्दच नाही, प्रथेने चालत आलेली वेळ आहे. दोन-तीन मिनिटं मिळतात आणि मंत्र्यावर उत्तराचं बंधन नसतं. ३७७ खाली मजकूर आधी लिहून द्यावा लागतो, आणि नंतर मंत्रालयाकडून खासदारांना लेखी उत्तर येतं. तुम्हाला आकडे आणि जबाबदारी हवी असेल तर मात्र प्रश्नच विचारायला लावा. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि पुरवणी प्रश्न विचारता येतो, पण दिवसाला २० च निघतात आणि त्यांतले पहिले काहीच प्रत्यक्ष सभागृहात येतात. अतारांकित २३०. त्यांचं उत्तर लेखी, पटलावर ठेवलेलं, कायमचं नोंदीत राहणारं.

लोकसभेच्या कामकाज नियमांतला नियम ४१ वाचा. प्रश्न साधारण १५० शब्दांत बसला पाहिजे, विषय मुख्यत्वे केंद्राच्या अखत्यारीतला हवा, तर्क-आरोप नकोत, आधी उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा नको. नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी लागते. मंत्रालयांना वार वाटून दिलेले असतात, म्हणून अधिवेशनाचा तक्ता निघाला की मत्स्यव्यवसाय खात्याचा वार बघून ठेवा. २०१९ पासून ते स्वतंत्र मंत्रालयात आहे, कृषीकडे पाठवू नका.

आणखी एक. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीसाठी नवे नियम काढलेत. यांत्रिक नौकांना प्रवेशपास लागणार आहे आणि एलईडीच्या मासेमारीवर कारवाईची तरतूद आहे. तुमचा प्रश्न या नियमांवर बांधा. मग "राज्याचा विषय" म्हणायला जागा उरत नाही.

मराठी आठव्या अनुसूचीत आहे. मराठीत बोलता येतं, भाषांतराची सोय असते. आधी कळवून ठेवायला सांगा.

प्रतिसाद: माडबन

खाडीकाठ यांचं सगळं मान्य, पण भाषणाला कमी लेखू नका. कोकण रेल्वे एका प्रश्नाच्या उत्तरातून आली नाही. कितीतरी वर्षं तेच तेच बोलत राहावं लागलं, तेव्हा १९९० मध्ये महामंडळ झालं आणि १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर गाडी धावली. रापणकरांना आपलं नाव त्या सभागृहात ऐकू आलं तर पुढच्या ग्रामसभेला माणसं येतील. दोन्ही मागा: प्रश्न आधी, आणि त्याचं उत्तर हातात घेऊन शून्य प्रहरात बोलणं.

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात १९५२ पासूनच्या चर्चा आहेत. "एलईडी", "पर्ससीन" (वेढा टाकायचं मोठं जाळं) असे शब्द टाकून शोधा. आधी कोणी विचारलंय, काय उत्तर मिळालंय, ते वाचल्याशिवाय मसुदा करू नका.

प्रतिसाद: जुना लेखनिक

एक गोष्ट कोणी सांगितली नाही. मंत्री सभागृहात "माहिती गोळा केली जात आहे" किंवा "विचार करू" म्हणाले की ते बहुतेक वेळा आश्वासन धरलं जातं. शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते, मुदत तीन महिन्यांची, वाढवून मागता येते. उत्तर आलं की त्यात असं वाक्य आहे का ते आधी बघा आणि खासदारांच्या स्वीय सहायकाला दाखवा. त्यांच्याकडे कागदांचा ढीग असतो, हे पाहायचं काम गावानेच करायचं.

सीआरझेड वेगळंच ठेवा. ते पर्यावरण मंत्रालयाचं. एका प्रश्नात दोन मंत्रालयं आली की प्रश्न अडतो. त्यासाठी याचिका समितीची वाट आहे: गावकऱ्यांच्या सह्या, खासदारांची प्रतिस्वाक्षरी. वेळ लागतो, पण वाडीचा नकाशा जोडून आपली बाजू सविस्तर मांडता येते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सोसायटीत वाचून दाखवलं. खारबांध, गाळ आणि परतावा यांचं निवेदन आमदारांकडे वेगळं द्यायचं ठरलंय. खांडीतून उधाणाचं पाणी भातशेतीत येतं, त्यामुळे ते थांबवून चालणारच नव्हतं. सीआरझेडच्या याचिकेसाठी घरांची यादी करायला दोघी जणी तयार झाल्यात.

प्रश्नाचा मसुदा असा झालाय:

"मत्स्यव्यवसायमंत्री सांगतील काय: (अ) अनन्य आर्थिक क्षेत्रात कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर १० नोव्हेंबर २०१७ पासून झालेल्या कारवायांचा वर्षनिहाय व राज्यनिहाय तपशील, (आ) महाराष्ट्र किनाऱ्यासमोर १२ सागरी मैलांपलीकडे अशी नौका आढळल्यास ती ताब्यात घेण्याचे अधिकार कोणत्या यंत्रणेला आहेत, (इ) किनाऱ्यावरील मच्छीमाराने अशी नौका पाहिल्यास तक्रार कोठे नोंदवावी व तिच्यावर किती काळात कारवाई अपेक्षित आहे, (ई) रापण व अन्य पारंपरिक मासेमारीवर झालेल्या परिणामाचा अभ्यास सरकारने केला आहे काय, असल्यास त्याचा तपशील?"

(आ) मध्ये २०२५ च्या नियमांचा उल्लेख कसा बसवावा ते सुचेना. आणि (इ) नियमात बसेल का? आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे, म्हणून तो गळू नये असं वाटतं. खाडीकाठदादा, जुने लेखनिक, जरा नजर घालाल का? शुक्रवारी सोसायटीची सभा आहे, त्याआधी मसुदा पक्का करून खासदारांच्या कार्यालयात पोचवायचाय.