पेशंट ‘ले’ की ‘लेड’? नोट्समध्ये काय लिहायचं?

रातपाळी_स्टाफनर्स:
पेशंट रात्रभर डाव्या कुशीवर पडून होता, हे नर्सिंग नोट्समध्ये लिहायचंय. आमच्या एक सीनियर सांगतात, ‘द पेशंट लेड ऑन हिज लेफ्ट साइड’. दुसऱ्या म्हणतात ‘ले’. पण ‘ले’ तर वर्तमानकाळ ना? पुढच्या महिन्यात ओईटी (आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा) आहे, त्यात पत्र लिहावं लागतं. कायमचं डोक्यात बसेल असं सांगा कुणीतरी.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षक:
सिस्टर, ‘ले’च बरोबर. क्रियापदं दोन आहेत आणि एकाचा भूतकाळ हुबेहूब दुसऱ्याच्या वर्तमानकाळासारखा, म्हणून हा घोळ. पडून राहणं: लाय, ले, लेन. ठेवणं: ले, लेड, लेड. खोटं बोलणं तिसरंच, त्याचं लाइड.

तक्ता पाठ करा असं मी कधीच सांगत नाही, ऐन परीक्षेत तो दगा देतो. कसोटी आपल्या मराठीतच आहे. वाक्य मनात मराठीत म्हणा, भूतकाळात, आणि कर्त्याला ‘ने’ लागतो का बघा. ‘पेशंट पडून राहिला’, ‘ने’ नाही, म्हणून ले. ‘सिस्टरने ट्रे टेबलावर ठेवला’, ‘ने’ आला, म्हणून लेड. कोंबडीने अंडं घातलं, तिथेही लेड. वाक्य ‘मी’ने सुरू करू नका, ‘मी’ला ‘ने’ दिसत नाही.

राइज-रेझचंही तसंच. ताप चढला: रोझ. सिस्टरने बेडची डोक्याकडची बाजू वर केली: रेझ्ड. आणि फॉल-फेल तर थेट आपलं पडणं-पाडणं! झाड पडलं, फेल. त्याने झाड पाडलं, फेल्ड. स्वर बदलून ‘करायला लावणारं’ क्रियापद घडवायची रीत इंग्रजीत फार जुनी आहे, आता तिच्या अशा मोजक्या जोड्या उरल्यात. मला हे शिकवताना दरवेळी आनंद व्हायचा.

शंकेखोर:
सर, ‘तो धडा शिकला’ यात कर्म आहे, तरी ‘ने’ नाही. मग?

निवृत्त_इंग्रजी_शिक्षक:
अचूक हेरलंत. शिकणे, विसरणे, बोलणे अशी काही क्रियापदं कर्म असूनही ‘ने’ घेत नाहीत. म्हणून ही कसोटी फक्त वरच्या जोड्यांपुरती वापरा. आणि सिस्टर, ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही बोलताना ‘आय लेड डाउन’ सर्रास म्हणतात. ऐकून ठरवू नका. लेखी परीक्षेत ‘ले डाउन’च लिहा.

कोर्टाच्या_आवारातून:
हँगचंही सांगून ठेवतो. कोट खुंटीला टांगला तर हंग. माणसाला फाशी दिली तर हँग्ड. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५४(५) मध्ये शब्दच होते, ‘हँग्ड बाय द नेक टिल ही इज डेड’. सलाइनची बाटली मात्र हंगच.

रातपाळी_स्टाफनर्स:
‘ने’चं एकदम पटलं, सर. मग ‘सकाळपासून पडून आहे’ला ‘हॅज लेन’ लिहू?

निवृत्त_इंग्रजी_शिक्षक:
चूक नाही, पण ‘लेन’ कानाला जड वाटतो. ‘हॅज बीन लाइंग इन बेड सिन्स मॉर्निंग’ लिहा.